काचेला सुटलेला घाम

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या एका चादर कारखान्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी मीनमहाराजांचा दरबार भरे आणि बाहेर चपलांचा ढीग गुडघ्याला लागे. पावसानं ओढ दिलेली, उकाडा मरणाचा. आत चार मोठे कूलर भणभणत. मधोमध मखमलीनं झाकलेलं टेबल, त्यावर काचेची टाकी आणि तिच्यात दोन फ्लॉवरहॉर्न मासे: वीतभर लांब, लालभडक, कपाळावर हे एवढं टेंगूळ. या जातीचे दोन मासे एका टाकीत सोडले की एकमेकांचे पर कुरतडतात, हे मासे विकणारा कुणीही सांगेल. महाराजांचे मात्र समाधी लागल्यासारखे शेजारी शेजारी. शिवाय टाकीच्या काचेवरून, बाहेरच्या अंगानं, पाणी ओघळत होतं.

"हा घाम आहे, माउलींनो!" महाराज गरजले. "तुमच्या घरचा मत्सर हे भाऊ अंगावर घेतात आणि तो काचेतून पाझरतो! अशी जोडी ज्या घरात नांदली, तिथले भाऊ कधी वेगळे व्हायचे नाहीत. भांडली, तर समजा, घरात कुणीतरी जळतंय!"

लोक काचेला कपाळ टेकून गारेगार होऊन परतत होते. मोहोळच्या गोजरबाईंनीही टेकलं. त्यांची दोन्ही मुलं एकाच शेडमध्ये टॉवेलचे माग चालवीत. ती वेगळी होतील ही धास्ती त्यांना सोडत नव्हती. महाराज अशा जोड्या विकतही; त्यांनी तिथंच एक पसंत केली. मागं उभी असलेली थोरली सून पायल मात्र चरकली. घरात जळणारं माणूस कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः.

धाकटी जाऊ उर्वी घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. अकरा वर्षं सासूला चहा दिला पायलनं, उर्वीनं आठ दिवस दिला आणि गोजरबाई म्हणाल्या, "असला च्या मी जन्मात प्याले न्हाय." त्या दिवशी पायलच्या अंगाचा तिळपापड झाला तो झालाच. उर्वी हसली तरी राग, गप्प बसली तरी "बघा तोरा!" उर्वीनं लावलेली तुळस तरारली, तेसुद्धा तिला बघवेना.

जोडी घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी मोठ्या माशानं धाकट्याचा पर फाडला. नेमकी उर्वी तेव्हा खाणं टाकत होती. झालं! गोजरबाईंनी फोन लावला, महाराजांनी फोनवरच निकाल दिला: धाकटी सून मत्सरी. गुरुवारी दरबारात कबुली, मग सव्वा महिना माहेर. खोटं कशाला बोला, पायलला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बुधवारी दुपारी ती जेवायला बसली. फ्रीजमधली बाटली समोर होती, कूलर चालू होता. बघता बघता बाटलीच्या अंगावरून पाणी ओघळलं. रोजचंच, पण आज पायलचा घास हातातच राहिला. ही बाटली कुणाचा मत्सर घेत होती?

घरात तेव्हा कुणी नव्हतं. माग चालवणाऱ्या कामगारांसाठी गोठवलेल्या आठ बाटल्या तिनं उचलल्या आणि टाकीत सोडल्या. तासाभरात काचेला घाम फुटला. सकाळपासून एकमेकांवर धावून जाणारे ते दोन वैरी तळाशी गुमान बसले. पायलनं बाटल्या काढल्या, पुसून जागच्या जागी ठेवल्या. संध्याकाळी पाणी कोमट झालं आणि मासे पुन्हा भांडू लागले.

ती कुणाला काही बोलली नाही. बोलली तर उर्वी घरात राहणार होती.

गुरुवारी उर्वीची बॅग गाडीत ठेवूनच तिघी दरबारात गेल्या. महाराजांनी माइक पुढं धरला. "म्हण बाई, मी जळते."

उर्वी रडली नाही. ती पायलकडं वळून हळूच म्हणाली, "ताई, निकाल लागल्यापासून मी मन चाचपतेय, मला काही सापडत नाही. तुम्हाला कधी दिसलं का? दिसलं असेल तर सांगा, म्हणजे मी तसं म्हणते."

पायल पुढं सरकली. तिनं माइक घेतला.

"हिच्या मनात काय बी न्हाय. जळते ती मी. आत्याबाई हिला हाक मारत्यात, त्ये बी मला बघवत न्हाय."

महाराजांची कळी खुलली. "बघा! माशांनी चोर पकडला!"

"थांबा की म्हाराज. काल बी मी लई जळत होते. तरी टाकीत बर्फाच्या आठ बाटल्या सोडल्या आन मासे गप झाले. काचेला घाम बी आला. माझा मत्सर बर्फानं गार झाला व्हय?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"पाण्याला हात लावू नका! हात झडेल!" महाराज ओरडले. तोवर गोजरबाईंनी कोपरापर्यंत हात बुडवलाही होता.

"आगं बया! ह्ये तर हिरीच्या पाण्याहून गार हाय!"

पायलनं मखमल वर केली. टेबलाखाली पाणी गार करायचं यंत्र घुमत होतं, त्यातून दोन नळ्या टाकीत गेल्या होत्या, आणि वर लाल आकडा होता, अठरा अंश. चार कूलरच्या आवाजात त्याची घरघर आजवर कुणाला ऐकू आली नव्हती.

उर्वी मास्तरांची लेक. तिनं सगळ्यांना समजावलं, "कूलरच्या ओल्या हवेतली वाफ गार काचेवर जमते, तोच हा घाम. आणि हे मासे उबदार पाण्यातले, गारठले की भांडायचं त्राणच उरत नाही. आमच्या घरचं पाणी कोमट, टाकी लहान. यातल्या प्रत्येकाला अख्खी टाकी आपली एकट्याची हवी असते, म्हणून मारामारी. दोघांना दोन टाक्या दिल्या की झालं."

"यंत्र माशांच्या प्रकृतीसाठी आहे..." महाराज सांगू लागले, पण लोक आता ओळीनं पाण्यात हात घालून बघत होते. एक सासू आपल्या सुनेला निकालासाठी घेऊन आली होती. पायलनं तिचाही हात धरून पाण्यात बुडवला.

"मावशी, हात लावू नका म्हणत्यात, तितं आदी हात लावून बघायचा. पाया पडायचं मागनं बघू. आन सुनंला घरी न्या."

परतताना गाडीत गोजरबाई बाहेर बघत बसल्या होत्या. बॅग मांडीवर घेऊन उर्वीनं विचारलं, "ताई, खरंच एवढं जळता माझ्यावर?"

"जळते की. आज बी जळते," पायल म्हणाली. "पर त्ये माझं मी निस्तरीन. त्याला ना म्हाराज लागत, ना मासा."