कापूरहोळचा टायर, हिर्डोशीचा मुढा

"बायकांनी थोरांसमोर उंचावर बसायचं न्हाई. का, ते इचारायचं न्हाई."

हिर्डोशीतल्या या घरात शेफालीला हा नियम ती सहा वर्षांची असताना सांगितला गेला. पहिल्या वाक्यापेक्षा दुसरंच तिला जास्त झोंबलं, असं ती अजून म्हणते. आज त्या नियमाच्या बरोबर मधोमध मी येऊन बसलोय. मी म्हणजे एक टायर. आधी रस्त्यावरचा, आता ओटीवरचा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो वरंधा घाट. एका वडापच्या जीपला मागच्या डाव्या बाजूला मी होतो. आत दहा माणसं, मागे लटकलेली चार आणि टपावर नाचणीची पोती. माणसांची एक गंमत मी तेव्हाच पाहिली. स्वतः चढेपर्यंत प्रत्येक जण "थांब, थांब" ओरडतो आणि बूड टेकलं की लगेच "चल की आता, किती येळ!" सुरू करतो.

पाच वर्षांत माझी नक्षी झिजली. कापूरहोळला इंद्रजितच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर मी ढिगात जाऊन पडलो. पोटात पाणी साचलं, त्यात डासांनी संसार थाटले. गिऱ्हाइकं माझ्यावर चपलेचा चिखल पुसायची. थंडी वाढली की ढिगातला एखादा भाऊबंद शेकोटीत जायचा. माझी पाळी आता जवळ आली होती.

अशात एका दुपारी शेफाली भोरच्या एष्टीची वाट बघत तिथं उभी होती. बी.कॉम. झालेली, खांद्याला सॅक, कपाळाला आठी.

"दादा, हा टायर जाळणार का?"

"मग काय पुजणार हाय?" इंद्रजित म्हणाला.

"मला द्या."

"न्या की. पर करणार काय?"

"आईला बसायला मुढा करणार."

इंद्रजित हसला, पण त्यानं पाणी ओतून मला पुसून दिलं. भोरला गाडी बदलून हिर्डोशीच्या एष्टीत चढलो, तर कंडक्टर माझ्याकडं बघतच राहिला. "ताई, ह्यो आत कशाला नेताय? गाडीलाच बसवू. आमचा ह्याच्यापेक्षा गुळगुळीत झालाय."

सगळी गाडी हसली. मला मात्र पहिल्यांदाच सीट मिळाली होती, खिडकीजवळची.

घरी स्वागत झालं ते असं. शेफालीचे आजोबा कोंडिबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ओटीवर बसले होते. "लोकांच्या पोरी पुस्तकं आणत्यात, आमची टायर आणती!" त्यांची बहीण ठकुबाई तर कपाळाला हात लावून म्हणाली, "सासरी पंक्चर काढणार दिसतीया."

"आक्का, सासरचं नंतर बघू. तुमच्या जुन्या साड्या काढा आधी," शेफाली म्हणाली.

"म्या मेल्यावर घे साड्या!"

ते ऐकून शेफालीनं साड्यांचा नाद सोडला. तिनं मला निरमा लावून काथ्यानं खसाखसा घासलं आणि दोन दिवस उन्हात तापवलं. मोडक्या कपाटाच्या दारातून दोन गोल फळ्या कापल्या, एक वर एक खाली, आणि स्क्रूनं घट्ट बसवल्या. मग भाताच्या पेंढ्याची लांबच लांब वेणी वळून, पंक्चरवाले वापरतात त्या सोल्युशननं माझ्याभोवती वेढ्यावर वेढे चिकटवले. काय देखणा दिसत होतो मी! सोनेरी!

पण सगळी कॉलेजची बुद्धी खर्चून ती मला वाळायला कुठं ठेवून गेली? गोठ्याच्या दारात.

चंद्री म्हशीनं आधी मला हुंगलं. मग सावकाश, चवीनं, वरचे सहा वेढे खाल्ले. सोल्युशनचा वास लागला तसं फुरफुरून थांबली, नाहीतर मी पुन्हा उघडा पडलो असतो.

आबा हसून हसून खोकायला लागले. "बघ, पहिलं गिऱ्हाईक मिळालं! मालबी आवडला!"

शेफाली चिडली, म्हशीवर नाही, स्वतःवर. उरलेला पेंढा ओरबाडून काढताना तिचे डोळे भरले होते. ते बघून ठकुबाई उठली आणि साड्यांचं गाठोडं आणून तिच्यापुढं टाकलं. "घे. न्हाईतरी जिवंतपणी कोण बघतंय त्या."

मग तीन दुपारी शेफाली आणि तिची आई माधुरी साड्या फाडून माझ्यासाठी वेण्या घालत बसल्या. हिरवी, जांभळी, पिवळी. मी असा नटलो की घाटात कुणी ओळखलं नसतं.

या आईबद्दल सांगायला हवं. भाताच्या आवणाच्या चिखलात वाकून वाकून तिचे गुडघे गेलेत. भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खाली बसायचं नाही. पण घरात आबा आणि आक्का दिवसभर समोर. म्हणून ती फरशीवर बसते आणि उठताना दाराची चौकट धरून डोळे मिटते. त्या मिटलेल्या डोळ्यांसाठी शेफालीनं मला घडवलं होतं.

मी तयार झालो आणि माझ्यावर बसले कोण? आबा.

"लई झ्याक झालंय इस्टूल," ते म्हणाले आणि तिथंच मुक्काम केला.

"आबा, तो मुढा आईचा आहे."

"मग न्हाई कोण म्हणतंय? आमी नसताना बसू दे की."

"तुम्ही नसता कधी?"

"आसू दे गं," माधुरी खालूनच म्हणाली. "मी हितं बरी हाय." माणसं इतकं खोटं इतक्या सहज बोलतात, हे जीपखाली राहून मला कळलं नव्हतं.

आज रविवार. देवळाच्या मंडळाचे सोनबा आणि गेनबा मला बघायला आलेत. आबा माझ्यावर बसूनच माझं कौतुक सांगतायत. म्हशीचा किस्साही सांगून झाला.

"पोरी, असली धा करून दे," सोनबा म्हणतायत. "देवळाच्या मंडपात आमा म्हाताऱ्यांना बसाय. टायर टेम्पोनं आणून टाकतो. तुजं नाव पाटीवर लिव्हू."

मला ठाऊक आहे, शेफाली अशाच पहिल्या कामाची वाट बघत होती. गावोगाव फिरून मोडक्यातून चांगलं सामान करायचं, हे ती आईला रोज सांगते. आईही चहाचा ट्रे धरून दारात थांबली आहे, हो म्हण, अशा डोळ्यांनी.

"करणार नाही," शेफाली म्हणाली.

"का गं?"

"मी बसायला केलेल्या वस्तूवर बाई बसू शकत नसेल, तर मी असली एकही वस्तू करणार नाही. देवळासाठीही नाही. आधी आई इथं बसेल. आत्ता, तुमच्या सगळ्यांसमोर."

"रीत हाय ती..." गेनबांनी सुरुवात केली.

"गुडघा तिचा आहे. तुमची रीत दुखताना मी एकदाही पाहिली नाही."

सोनबा पायाखालची फरशी बघतायत. ठकुबाईनं तोंडाला पदर लावलाय.

मला तोंड नाही. असतं तर आयुष्यातलं एकच मागणं मागितलं असतं. आबा, मी दहा-दहा माणसं घाटातून वर चढवलीत, तुम्ही मला जड नाही. पण जरा उठा की!

आबांनी दोन्ही तळवे आपल्या गुडघ्यांवर टेकवलेत, म्हातारी माणसं उठायच्या आधी टेकवतात तसे.