तळघरातला समुद्र

इमारतीच्या अंगणात माणसं टाचा उंचावून उभी होती. मधोमध टेबल, त्यावर एक पांढरी पेटी आणि शेजारी टीव्ही. पेटीतून विजेची वायर तेवढी बाहेर आलेली, बाकी काही नाही. पेटीवाला टाय बांधून आला होता. त्याने पेटीवर तळहात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि टीव्हीवर समुद्र उसळला. चित्र इतकं स्वच्छ, की लाटेवरचा फेस हाताला लागेल. मग त्याने इंटरनेटचा वेग मोजणारं पान उघडलं. काटा सर्रकन शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

पेटीवाल्याच्या तोंडाला खळ नव्हता. तार म्हणे मागच्या जन्माची गोष्ट. त्याची पेटी थेट आकाशातून इंटरनेट खेचते. अट एकच, इमारतीतली इंटरनेटची जुनी तार आधी कापायची, कारण तारेमुळे लहरी बाटतात. जिन्यातल्या लोंबत्या वायरींना कंटाळलेले सेक्रेटरी लगेच सह्या गोळा करू लागले.

तळमजल्यावरचे काका मागे उभे होते. त्यांनी सही केली नाही.

काकांची मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. दूरच्या शहरात ती छापखान्यात काम करायची. बापलेक रोज संध्याकाळी व्हिडिओवर भेटत, हातांनी बोलत. खरं तर आधी बोलायची ती तिची आई. काका बाजूला बसून मान हलवायचे आणि अडलं की बायकोला विचारायचे. बायको गेली आणि घरात हातांनी बोलणारे ते एकटेच उरले, तेही अर्धेकच्चे. आवाज तुटला तर माणूस पुन्हा विचारतो. पडद्यावर हात मध्येच गोठला तर ‘येते’ या खुणेचा काय अर्थ होईल, सांगता येत नाही. काकांची तार काही फार वेगवान नव्हती. पण तिच्यावर चित्र जसं यायचं तसंच जायचंही. ती कापली तर लेक मुकी होणार होती, आणि तेही बापाच्याच घरात.

"या पेटीवरून माझ्या मुलीशी व्हिडिओवर बोलून दाखवाल?" त्यांनी विचारलं.

"दाखवू की, काका. पण आज नको. पेटी नव्या जागेत रुळतेय." पेटीवाला गोड हसला. "आणि एक सांगू? जवळ कुणी शंका घेतली ना, की लहरी बिथरतात."

लोक हसले. काकांना प्रत्येक गोष्टीत खोडा घालायची सवयच आहे, असं सेक्रेटरी मोठ्याने म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई तेवढ्या म्हणाल्या, की विचारलं तर बिघडलं कुठे.

काकांना पंपाची खोली आठवली. ती तळघरात होती आणि तिथे कुणाच्याच फोनला रेंज नसायची. प्लंबरला साधा फोन करायचा तरी जिना चढून वर यावं लागे. पेटी आकाशातून खेचत असेल, तर तिथे ती बंदच पडेल, असा त्यांचा हिशेब.

"पंपाच्या खोलीत चालेल ही?"

पेटीवाला किंचित अडखळला. पण सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. "खोली काय, पाताळात चालेल."

पेटी आणि टीव्ही घेऊन वरात तळघरात उतरली. ओल आलेल्या भिंती, पंपाची घरघर. सगळ्यांचे फोन मुके झालेले. पेटी लावली, तळहात ठेवला, आणि समुद्र उसळला. काटाही पुन्हा शेवटाला. सेक्रेटरींनी तर हातच जोडले. चमत्कार तिथे नमस्कार. काकांचा चेहरा पडला. आपलंच चुकलं, असं त्यांना वाटलं. आता सही करावी लागणार.

तेवढ्यात नर्सबाईंनी आपला फोन पेटीला जोडला आणि आजचा हवामान अंदाज उघडला. पांढरं पान, त्यावर गोल फिरणारी रेघ. काकांनीही आपला फोन पेटीला जोडून मुलीला व्हिडिओ लावला. तिथेही गोलच. टीव्हीवर मात्र लाटांमागून लाटा.

काका पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समुद्र येतो, पण आजचं हवामान येत नाही. मुलगी येत नाही. म्हणजे हा समुद्र बाहेरून आलेलाच नाही. पेटी उघडा."

"उघडू नका, वॉरंटी जाईल," पेटीवाला म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यालाच ठाऊक. सेक्रेटरींनीच चिडून मागचं झाकण ओढलं. आत कुणाच्याही फोनमध्ये असतं तसं साधं सिमकार्ड होतं. त्याच्या शेजारी नखाएवढं मेमरी कार्ड. नर्सबाईंनी ते काढलं आणि समुद्र आटला. वेगाचं पानही त्याच कार्डात भरलेलं होतं. काटा मोजत होता तो पेटीपासून टीव्हीपर्यंतचा वेग, वीतभर अंतराचा.

"हे फक्त डेमोपुरतं असतं," पेटीवाला पुटपुटला. पण तोवर लोक आपापल्या सह्या खोडायला धावले होते.

सेक्रेटरी ओशाळून म्हणाले, "काका, मग घ्यायचं तरी काय?"

"बिनतारी वाईट असं मी म्हणत नाही. नर्सबाईंना सारखं घर बदलावं लागतं, त्यांना तेच सोयीचं पडेल. मला तार लागते. पण काहीही घ्या, आधी आपल्या खोलीत लावून बघा. संध्याकाळी सगळे वापरतात तेव्हा बघा. येण्याचा वेग विचारता, तसा जाण्याचाही विचारा. आणि शंका घेतली की बंद पडते म्हणतात, ती वस्तू दारातूनच परत पाठवा."

त्या दिवशी मुलीला व्हिडिओवर भेटायला उशीर झाला. काय झालं, तिने विचारलं. काका सांगू लागले आणि ‘फसवणूक’वर अडले. तो शब्द हातांना येत नव्हता. सवयीने त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मुलीनेही ते पाहिलं. मग तिने सावकाश तो शब्द करून दाखवला. काकांनी चुकीचा केला. तिने पुन्हा दाखवला.

तुम्हाला कसं कळलं, तिने विचारलं.

कळलं नव्हतं, काकांचे हात म्हणाले. म्हणून विचारलं.