मी खिळ्यावरून पडलो नाही

मी एक फळा बोलतोय. लाकडाचा, काळा, डाव्या कोपऱ्याला टवका गेलेला. मला घाईनं बोलता येत नाही, तेव्हा जरा दमानं ऐका. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं अंगावर वागवलं. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं सांगतोय, आणि ते मिरवण्यासारखं नाही.

सिल्लोडच्या एका सुतारानं सागाच्या चार फळ्या जोडून, रंधा मारून मला घडवलं. काळा रंग वाळला न वाळला तोच मला टेम्पोत घालून कन्नड तालुक्यातल्या एका खेड्याच्या शाळेत नेलं. तिथं मी तीसेक वर्षं भिंतीला होतो. एवढी वर्षं शाळेत काढली म्हणजे हा शहाणा झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. माझ्यावर लिहिलेलं मला दिसत नाही, कारण ते माझ्याच तोंडावर असतं. कुणी मोठ्यानं वाचलं तरच मला कळतं. मला दिसतात ती समोरची माणसं.

ती मात्र मी बारकाईनं पाहिली. वाचता येणाऱ्याचे डोळे ओळीबरोबर सरकतात आणि ओळ संपली की उडी मारून मागं येतात. ज्याला येत नाही त्याचे डोळे एकाच जागी रुततात आणि ओठ उगीच हलतात. अशी किती तरी लेकरं माझ्यापुढं उभी राहिली. गुरुजींचा आवाज चढला की त्यांचे कान लाल व्हायचे.

पुढं शाळेत पांढरा गुळगुळीत फळा आला आणि माझी रवानगी खिचडीच्या खोलीत झाली. तिथं माझ्यावर गरम पातेली ठेवायचे. त्याचे दोन गोल डाग अजून अंगावर आहेत. मग भंगाराची गाडी, आणि छावणीचा गुरुवारचा बाजार. मोडक्या पंख्यांच्या शेजारी मी उन्हात पडलो होतो. भंगारवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "ले जाओ भाई, नहीं तो जलानेकाच है." ते बोलणं माझ्या मनात घर करून बसलं. पुढं माझ्या हातून जे झालं, त्याच्या मुळाशी तीच भीती होती.

तिथून मला शीलानं उचललं.

शीला पडेगावला राहते. दोन खोल्यांचं घर. नवरा हनुमान वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो, ती गुलमंडीला कपड्यांच्या दुकानात. तिनं डी.एड. केलेलं, पण मास्तरकी काही मिळाली नाही. त्यांची एकुलती एक प्रांजली पावणेतीन वर्षांची. बालवाडीत नाव घालायला गेले तर वय दोन महिन्यांनी कमी भरलं. "पुढच्या जूनला या," म्हणाले.

"म्हणजे वर्षभर मोबाइल बघत बसवायची का हिला?" शीला घरी येऊन म्हणाली. "मीच शिकवते. पण पाटी हातात देऊन नाही. खेळता खेळता."

हनुमान भिंतीत खिळा ठोकत होता. "घरातच शाळा काढली का बाईसाहेबांनी?"

"मग? डी.एड. काय चुलीत घालायला केलं होतं? नीट ठोका तो, हलतोय."

"जड हाय का तुझा फळा! ऱ्हाईल, काय व्हत नाय."

खिळा शेवटपर्यंत सैलच राहिला.

दर रविवारी दुपारी शीला खडू घेऊन माझ्यापुढं बसायची आणि आठवड्याचे खेळ ठरवायची. सोमवारी पाणी : पळीनं एका पातेल्यातून दुसऱ्यात. मंगळवारी रंग : दुकानातून आणलेल्या चिंध्या वेगवेगळ्या लावायच्या. बुधवारी धान्य निवडणं, गुरुवारी कणकेचे प्राणी, शुक्रवारी फरशीवर आखलेल्या वाकड्यातिकड्या रेघेवरून चालणं. प्रत्येक खेळाला एक चित्र, म्हणजे प्रांजलीला बोट ठेवून सांगता यावं, आज काय आहे ते. चित्राखाली दोन-तीन ओळी असत : काय घ्यायचं, काय टाळायचं. लिहिता लिहिता ती मोठ्यानं म्हणायची, म्हणून मलाही कळायचं.

त्या ओळी सोनाजीसाठी होत्या. सोनाजी म्हणजे हनुमानचे वडील. सारा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे धरले तशी मेंढरं विकली आणि कन्नडच्या घाटाकडचं घर भावकीला सांभाळायला देऊन म्हातारा लेकाकडं आला. दिवसभर प्रांजलीजवळ तोच असे.

पहिल्या सोमवारी शीला कामाला निघताना म्हणाली, "मामा, चित्रं हिच्यासाठी आहेत, खालचं तुमच्यासाठी. तेवढं वाचून घ्या."

सोनाजी पटका सारखा करून माझ्यापुढं उभा राहिला. देवापुढं राहावं तसा. डोळे एका जागी रुतले. ओठ हलले.

"वाचलं का?"

"व्हय. वाचलं की. लई सुबक अक्षर हाय तुझं."

मी त्याच क्षणी ओळखलं. या माणसाला एक अक्षर येत नाही.

घरातल्या माणसांशी मला बोलता येत नाही हे खरं. पण खरं सांगायचं तर, बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. किती तरी वर्षांनी कुणी माझ्यापुढं इतक्या अदबीनं उभं राहिलं होतं. मला ते बरं वाटलं.

आणि म्हाताऱ्याचं चाललंही होतं छान. चित्र बघून तो खेळ ओळखायचा आणि त्यात स्वतःचं घालायचा. चिंध्यांना त्यानं मेंढरांची नावं दिली : ही भुरी, ही काळतोंडी, ही लंगडी. मग एक चिंधी गुडघ्याखाली लपवून विचारायचा, "सांग बरं, सांजच्याला कोण नाय आलं?" प्रांजली टाळ्या पिटत ओरडायची, "लंगडी! आबा, लंगडी नाय आली!"

शीलानं ते एकदा पाहिलं आणि चकित झाली. "मामा, हे कुठून सुचलं तुम्हाला? आम्हाला कॉलेजात असलंच शिकवायचे."

"सुचायचं काय त्यात. आम्ही मेंढरं मोजीत नाय बाई. तोंडं वळखतो."

असे पाच आठवडे गेले. सहाव्या रविवारी तिनं बुधवारच्या खेळाखाली लिहिलं, मोठ्यानं म्हणत म्हणत : "फक्त मोठा राजमा आणि वालाच्या शेंगा. हरभरा, वाटाणा देऊ नका. समोरून हलू नका." शेवटच्या दोन वाक्यांखाली खडू दाबून दोन रेघा ओढल्या, त्या मला अंगावर जाणवल्या. सोनाजी तेव्हा घरी नव्हता, चौकात पारावर बसायला गेला होता. वर चित्र होतं, तेही तिनं सांगत सांगत काढलेलं : दोन वाट्या आणि गोल गोल दाणे.

बुधवारी सोनाजीनं चित्र पाहिलं आणि फळीवरचा डबा काढला. हरभरे आणि शेंगदाणे एकत्र केले, दोन वाट्या मांडल्या, पोरीला गोधडीवर बसवलं. आपण मात्र उंबऱ्यात जाऊन बसला, तिच्याकडं पाठ करून.

तो आळशी नव्हता, हे मला तुम्हाला सांगितलं पाहिजे. मेंढपाळ कळपाच्या उरावर बसत नाही. लांब बसतो आणि कानानं राखण करतो. मेंढरं ओरडली तर समजावं, काही तरी बिनसलंय. कोकरू चुकलंय, नाही तर लांडगा आलाय. गप्प झाली की समजावं, चरायला लागली, पोटाला मिळालं. साठ वर्षं त्याचे कान हेच शिकले होते. प्रांजली बडबडत होती तोवर तो मधून मधून मान वळवून बघायचा. ती गप्प झाली तसा तो निर्धास्त झाला आणि तंबाखू मळायला घेतली.

ती गप्प झाली होती, कारण ती एक हरभरा नाकात घालत होती.

मी समोर होतो. तिनं आधी तो नाकपुडीला लावला. मग बोटानं हळूहळू आत सारला, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. उंबऱ्यातली पाठ हलत नव्हती.

माझा खिळा सैल होता. दारातून वारा येत होता, मी भिंतीवर हिंदकळत होतो. जरासा भार पुढं टाकला असता तर मी खाली आलो असतो. केवढा आवाज झाला असता! सोनाजी धावत आत आला असता. पण पडलो तर माझ्या चार फळ्या चार दिशांना झाल्या असत्या, आणि मग पुन्हा तो बाजार, ते ऊन, 'जलानेकाच है'. मी भिंतीला चिकटून राहिलो.

हरभरा आत गेला. पोरगी शिंकली, नाक चोळलं, पुन्हा निवडायला लागली. "आबा, झालं!" म्हणाली. सोनाजी कौतुकानं आला. एक दाणा कमी आहे हे कुणाला कळणार होतं?

गुरुवारी तिचं एका बाजूचं नाक वाहायला लागलं. शुक्रवारी घाण वास यायला लागला आणि रात्री अंग तापलं. शनिवारी सकाळी दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेले. सोनाजी घरात एकटाच येरझाऱ्या घालत होता. दुपारी ती परत आली, नाक लालबुंद, बापाच्या खांद्यावर झोपलेली.

"हरभरा निघाला," शीला म्हणाली. "फुगून एवढा झालेला. श्वासाबरोबर खाली उतरला असता तर पोरगी हाताला लागली नसती, असं म्हणाले डॉक्टर."

सोनाजीनं फळीवरच्या डब्याकडं पाहिलं.

"मामा, मी एवढं ठळक लिहिलं होतं! हरभरा देऊ नका म्हणून!"

"माझं ध्यान ऱ्हायलं नाय."

"ध्यान कसं राहत नाही? दोन रेघा ओढल्या होत्या खाली!"

हनुमान मोबाइलकडं बघत होता. मोबाइल बंद होता.

रविवारी सकाळी सोनाजीनं आपली पिशवी भरली. दोन धोतरं, एक घोंगडी. "नवाच्या गाडीनं निघतो. कन्नडला."

"मी जा म्हटलं का?" शीला म्हणाली.

"तू नाय म्हनली. पर मला ऱ्हायाला तोंड नाय."

प्रांजली त्याच्या धोतराला लोंबकळली. "आबा, मी पन येते."

तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. पाय काही उचलेनात. ही एवढीशी पोर सुटली तर त्याच्याकडं दुसरं काही उरणार नव्हतं. मेंढरं तर केव्हाच गेली होती.

शीलाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "जायचं तर जा. पण वाचूनसुद्धा दिलेत कसे, तेवढं मला समजू द्या. हे बघा, अजून तसंच आहे. वाचा. माझ्यासमोर वाचा."

सोनाजी माझ्यापुढं आला. डोळे एका जागी रुतले. त्याचे कान लाल झाले. सत्तरीच्या माणसाचे कान लाल होताना मी पहिल्यांदाच पाहिले. त्यानं हात उचलून त्या ओळीवरून बोटं फिरवली, अगदी हलक्या हातानं.

"हे काय हाय, मला ठावं नाय, पोरी. कधीच नव्हतं."

शीला त्याच्याकडं वळली. "म्हणजे? चौथी झालीय ना तुमची?"

"ते मी सांगितलं होतं," हनुमान खाली बघून म्हणाला. "तुझ्या वडलांना. लग्न ठरवताना. घरात कुनीच शिकलेलं नाय म्हटलं असतं तर शिकलेली पोरगी दिली असती का त्यांनी?"

"पोराचा शबूद खोटा कसा पाडू?" सोनाजी म्हणाला. "मग पाठच झालं ते. व्हय, वाचलं. व्हय, वाचलं."

"आणि काल मी बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प बसलात?" शीला नवऱ्याला म्हणाली. "बापाला एवढं ऐकून घेऊ दिलंत?"

हनुमान रडायला लागला. मोठा माणूस, कंपनीचा शर्ट घातलेला.

शीलानं पिशवी उचलून आत नेली. "मामा, बसा."

"गाडी..."

"गाडी जाऊ द्या. ही म्हणते, तुम्ही उंबऱ्यात पाठ करून बसला होतात. का, ते सांगा मला."

त्यानं मेंढरांचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "लेकरू गप्प झालं की आधी धावायचं असतं, मामा. मेंढरांच्या उलटं आहे हे."

"कळलं गं. पर लई महागात कळलं."

हनुमानशी ती चार दिवस बोलली नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. सोनाजी इथंच आहे. अक्षरं शिकवते म्हणाली तर त्यानं हात जोडले. "नगं बाई आता. तू वाचून दाखव, मी ध्यानात ठेवतो. अख्खा कळप ध्यानात ठेवला." तेव्हापासून रविवारी ती लिहिते आणि तो शेजारी बसून एकेक ओळ म्हणून दाखवतो. दिवसा तो पोरीच्या अगदी समोर बसतो. तंबाखू सुटली. प्रांजली झोपली तरी मधून मधून तिच्या नाकापाशी हात धरून बघतो.

त्या तिघांनी आपापला दोष वाटून घेतला. मला कुणी विचारलंच नाही. फळ्याला कोण विचारणार? पण बुधवार आला की मला ती जीभ बाहेर काढलेली पोर दिसते, आणि मी भिंतीला चिकटलेला दिसतो.

जूनमध्ये प्रांजली शाळेत जाईल. मग मला खाली काढतील, कदाचित जाळतीलही. त्याची आता भीती वाटत नाही. एकच राहिलंय. सोनाजीची माफी मागायची आहे. तो अजून आपला वाटा वाहतोय, आणि त्यातला निम्मा माझा आहे.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. कधी पडेगावला आलात तर तो दारात बसलेला दिसेल, घराकडं तोंड करून. त्याच्या शेजारी बसा आणि एवढं सगळं त्याला सावकाश वाचून दाखवा. फक्त, वाचलं का, असं त्याला विचारू नका.