बात्शाआपाची आनंदाची बातमी

"रोज उठून आनंदाचीच बातमी? त्या म्हातारीच्या घरी जाऊन कुणीतरी बघा एकदा," सासूबाई टीव्हीसमोर बसून म्हणाल्या होत्या. मी माझ्या लेकाच्या, दियासच्या झबल्यांच्या घड्या करत होते. "आई, माणसं आनंदात असूही शकतात," म्हणून मी विषय मिटवला.

आमची वाहिनी अल्माटीत, बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यातल्या तीन खोल्यांत सुरू झाली. सगळं बायकांसाठी: बाळाला पाळण्यात कसं बांधायचं, पीठ किती वेळ झाकून ठेवायचं, चाळिशीनंतर केस कसे कापायचे. आमच्या खोट्या स्वयंपाकघरात नळ होता, पाणी नव्हतं. तरी आचारीण रोज त्याखाली हात धरायची. दोन वर्षांत डोंगरापलीकडच्या खेड्यांतही लोक आम्हाला बघू लागले.

ते मुख्यतः 'सुयुन्शी' कार्यक्रमामुळे. चांगली बातमी आणणाऱ्यानं दारातूनच "सुयुन्शी!" ओरडायचं आणि ऐकणाऱ्यानं त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही आमची जुनी रीत. आमच्या कार्यक्रमात बायका फोनवरून बातमी सांगत, आम्ही चहाचा डबा पाठवत असू. फोन आधी मी घ्यायचे. निर्मात्या गाउखारबाईंनी बजावलं होतं, "रडगाणं पुढे सोडायचं नाही हं, तोर्गिन. सकाळी सकाळी कुणाला हवंय ते?"

बात्शाआपाचा, म्हणजे बात्शाआजीचा, पहिला फोन आला तेव्हा ती म्हणाली, "पोरी, माझे पाय फार..."

"आपा, काही चांगलं असेल तर सांगा ना."

"आहे की! सुयुन्शी! कोंबडीनं दोन बलकांचं अंडं दिलंय."

मग रोज साडेदहाला तिचा फोन. "सुयुन्शी! शेजारीण शहरात राहायला गेली, तिच्या कुत्र्याची कटकट मिटली." "सुयुन्शी! लेक यंदा येत नाहीये, पाहुण्यांचा पसारा वाचला." "सुयुन्शी! आता चूल एकदाच पेटवते, लाकडं पुरून उरतील." प्रेक्षक तिच्यावर खूश. मी पत्ता विचारला की म्हणायची, "राहू दे गं. माझा डबा तुझ्या लेकराला." त्यामुळे वहीत एवढंच राहिलं: बात्शाआपा, सारीबुलाक.

पुढे बायका आपापल्या बातम्या मोबाइलवरच एकमेकींना पाठवू लागल्या. चहावाल्यांनी जाहिरात काढून घेतली, मग साबणवाल्यांनी. मालकांनी वाहिनी कुस्ती दाखवणाऱ्यांना विकून टाकली.

शेवटच्या आठवड्यात आपाचा फोन आला. "सुयुन्शी, पोरी! पाय दुखायचे थांबले. आहेत की नाहीत तेसुद्धा कळत नाही!"

"बघा," गाउखारबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "आपल्याला बघून म्हातारीचे पायही बरे झाले!" सगळे हसले. मीही. शुक्रवारी खोल्या रिकाम्या झाल्या. फोन करणाऱ्यांचे नंबर ज्या संगणकांत होते, ते पुसून नव्या मालकांना दिले.

त्यानंतर दहाएक दिवसांनी दियास पाय मुडपून खेळत बसला होता. उठायला गेला आणि कोलमडला, पण रडला नाही. मी घाबरून त्याच्या तळव्याला चिमटा काढला. काही नाही. आणखी एक काढला, तेव्हा त्यानं भोकाड पसरलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, इतकंच. त्याला पोटाशी धरून बसले असताना मला आपाचे पायांबद्दलचे शब्द नीट ऐकू आले. मग शेजारणीबद्दलचे, लेकाबद्दलचे, चुलीबद्दलचेही.

सारीबुलाक नावाची गावं आमच्याकडे पैशाला पासरी. मला अकरा सापडली. आठ ठिकाणच्या ग्रामकचेऱ्यांनी अशी कुणी नाही म्हणून सांगितलं. तीन गावांत कुणी फोन उचलत नाही: एक केगेनच्या वाटेवरचं, एक बाल्खाशकडचं, एक तारबागाताईच्या पायथ्याचं. पोराला घेऊन या बर्फात तिन्हीकडे जाणं मला शक्य नाही. सासूबाई रोज सकाळी फोन माझ्यापुढे ठेवतात. "लाव परत, सूनबाई."

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, तर एवढं करा. जिच्या शेजारचं घर बंद आहे अशी एकटी बात्शाआपा शोधा आणि दार वाजवा. कशा आहात, असं विचारू नका. ती हसून काहीतरी चांगलंच सांगेल. आत जा, चुलीला हात लावून बघा, आणि तिला मोजे काढायला लावा.