झुंबरबाईचा भाऊ वाघदेव

मी एक जुना वाघदेव आहे. म्हणजे सागाचा एक खांब. हरसूलजवळच्या एका पाड्याच्या शिवेवर गेणू सुताराने मला उभा केला. माझ्या छातीवर त्याने वाघ कोरला, वर चंद्र-सूर्य काढले आणि शेंदूर फासला.

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून बरे वाटते. बाजाराला निघालेली झुंबरबाई माझ्यापाशी थांबायची. "भाऊ, जाऊन येते. शेळ्यांकडं ध्यान ठेव," म्हणायची. मी लाकूड, पण तिने मला नाते दिले होते.

१९३४ सालची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला घरटी एक कोंबडी मला वाहायची रीत होती. त्या वर्षी मंगळूची कोंबडी आली नाही. पुढच्या पंधरवड्यात वाघाने पाड्यातली तीन गुरे नेली. त्यांत झुंबरबाईची गायही गेली.

सगळा पाडा माझ्यासमोर गोळा झाला.

"वाघोबा कोपलाय! मंगळूला पाड्याभाईर काढा," देवराम पाटील गरजला.

मंगळू हात जोडून म्हणाला, "बायको तापानं फणफणली व्हती. पोटात अन्न ठरत नव्हतं. त्या कोंबडीचा रस्सा तिला पाजला, म्हणून वाचली."

"देवाचं खाल्लंस!" कुणीतरी ओरडले.

मला ओरडून सांगायचे होते, की मी रागावलो नाही. पण गेणूने मला जबडा दिला होता, आवाज दिला नव्हता.

तेवढ्यात झुंबरबाई पुढे आली. "गाय माझी गेली. तवा मी बोलते. याला मी भाऊ म्हणते. आजारी बाईच्या तोंडचा घास मागंल, असा माझा भाऊ नाय!"

देवरामने मान खाली घातली. गेणू म्हणाला, "चला, काटे तोडू. गोठ्यांना कुंपण घालू. मंगळू, कोयता आण."

मंगळू रडत रडतच कोयता आणायला धावला. कुंपणे झाली, वाघ पुन्हा पाड्यात शिरला नाही.

आता झुंबरबाई नाही. मला वाळवी लागली आहे, शेंदराचे पोपडे निघतात. वर्षातून एकदा कुणी तेलाचा हात फिरवला, तर आनंद होईल. पण मित्रांनो, त्याहून मोठे मागणे वेगळेच आहे. तुम्ही आम्हां लाकडा-दगडाच्या देवांना माणसाचे मन देता, तेव्हा झुंबरबाईसारख्या माणसाचे द्या.