टेबलाची वाटणी

आई गेली त्याच वसंतात घर विकले गेले, आणि सामानाच्या वाटणीसाठी आम्ही तिघे भावंडे एका रविवारी तिथे जमलो. घर डेन्मार्कमधल्या फ्यून बेटाच्या दक्षिणेला, समुद्रापासून सायकलीच्या अंतरावर. पिवळ्या विटांचे, बसके, बागेकडची भिंत सगळी काचेची. विकत घेणारे जोडपे तरुण होते. त्यांनी एकच विनवणी केली होती, की जाताना भिंतीवरची शेल्फ काढू नका. लाकडी पट्ट्यांवर अडकवलेली ती शेल्फ बाबांनी केली तेव्हा शेजारच्या फिशरबाई म्हणाल्या होत्या, यावर पुस्तकं ठेवाल तर रात्री डोक्यात पडतील. पडली नाहीत. आता त्या शेल्फसाठी माणसे घर घेत होती.

त्या घराच्या आधी आम्ही गावात, आजीच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. तिथे आजीने दिलेले महोगनीचे काळे कपाट होते, मखमलीचे पडदे होते, आणि आम्हा मुलांनी कशालाही हात लावायचा नाही असा नियम होता. खिडकीतून उजेड आत यायचा, पण त्या सामानाला बघून तो तिथेच उभा राहायचा. आई म्हणायची, मला असं घर हवं की सकाळी उठल्यावर वाटलं पाहिजे, कुणीतरी खिडक्या आत्ताच पुसल्यात. बाबा फर्निचरच्या कारखान्यात सुतार होते. अठ्ठावन्न साली त्यांनी घर बांधले आणि आईने कपाटासकट सगळे विकून टाकले. आजी तो सगळा हिवाळा तिच्याशी बोलली नाही. शेवटी एकदा आली, नव्या सोफ्याच्या अगदी कडेवर टेकली आणि म्हणाली, "दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटतं." जेवण झाल्यावर तिथेच तिला अशी गाढ झोप लागली की संध्याकाळची बस चुकली.

घरातले पहिले टेबल बाबांनी स्वतः केले. ओकचे, कोपरे गोल, कडा खालून तासलेली, त्यामुळे जाड लाकूडही पातळ दिसायचे. त्याला कधी पॉलिश लागले नाही. आई कोमट पाण्यात साबणाचा चुरा विरघळवायची आणि फडक्याने लाकडाच्या रेषेरेषेने चोळायची. नवीन होते तेव्हा ते पिवळे होते. वर्षानुवर्षे साबण खाऊन ते ओटच्या पेजेच्या रंगाचे झाले, आणि हात फिरवला तर धुतलेल्या सुती कापडासारखे लागायचे. बीट सांडले, मेणबत्तीचे मेण सांडले, हॉल्गरने गणित करताना पेन्सिल इतकी दाबली की आकडे लाकडात उमटले. साबणाने सगळे थोडे थोडे पुसले, सगळेच्या सगळे कधी नाही.

वाटणी आमच्याकडे फाशांवर होते. ज्याचे दान मोठे, त्याने आधी एक वस्तू निवडायची, मग त्याच्या खालच्याने, मग तिसऱ्याने, आणि पुन्हा पहिल्यापासून. वाद नाही, वकील नाही. सुना-जावयांनी फासे टाकायचे नाहीत. आणखी एक नियम कुणी कधी सांगितला नाही, पण तो सगळ्यांत कडक: मला अमुक हवे आहे, असे आधी तोंडातून काढायचे नाही.

मला मात्र ठाऊक होते, रेग्नारला टेबल हवे आहे.

रेग्नार आमच्यातले शेंडेफळ. नगरपालिकेच्या बागांत कामाला. लग्न केले नाही, आईबरोबरच राहिला. बाबा गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ तो आणि आई त्या टेबलाशी समोरासमोर बसायचे. आता तो बंदराजवळ तळमजल्यावर दोन खोल्यांत जाणार होता. त्याने मला काही सांगितले नव्हते. पण त्या सकाळी मी दार उघडले तर घरभर साबणाचा वास.

"टेबल धुतलंस?" मी विचारले.

"घाण झालं होतं."

"घाण? यावर अपेंडिक्स काढलं असतं तरी चाललं असतं."

"मग झोप, काढतो. आधी कॉफी घे."

तेवढ्यात हॉल्गर आणि त्याची बायको विबेके कोपनहेगनहून आले. विबेके कोट न काढताच खोल्यांतून फिरू लागली. दिव्याखाली उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवले.

"हे सगळं पुन्हा फॅशनमध्ये आलंय, आस्टा," ती मला म्हणाली. "आमच्या रस्त्यावर दुकान आहे. काचेत हीच खुर्ची. वर दिवा सोडलाय, खाली काही नाही. लोक थांबून बघतात."

"आम्ही त्याच खुर्चीवर चढून बल्ब बदलायचो," हॉल्गर म्हणाला.

"तू बूट घालून चढायचास," रेग्नार म्हणाला. "मार मला बसायचा."

"लहान होतास. मारायला सोपा."

मला विबेके फारशी आवडायची नाही, हे इथेच सांगते. ती बोलून मोकळी होणारी, आणि आमच्याकडे तशा माणसाला हावरट समजतात. त्या दिवशी तिच्या पर्समधून मोजपट्टी डोकावत होती. बघून मनात म्हटले, झाले, ही मापे घेऊनच आली आहे.

आम्ही टेबलाशी बसलो. विबेके रिवाजाप्रमाणे जरा लांब, खिडकीपाशी. रेग्नारने केक आणला होता. उकडलेले अंडे ठेवायच्या कपात फासे घालून पहिल्यांदा मी टाकले, मग हॉल्गरने. माझे दान हॉल्गरपेक्षा लहान आले. रेग्नारने टाकले तर दोन्हींवर सहा.

माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त तोंड उघडायचे होते.

रेग्नारने टेबलाकडे पाहिले, मग आमच्याकडे, मग बाहेर बागेकडे. म्हणाला, "मी ढकलगाडी घेतो."

"कसली ढकलगाडी?" हॉल्गरने विचारले.

"बागेतली. हिरवी."

"दोन खोल्यांत ढकलगाडी घेऊन काय करणार? मोरीतून पलंगापर्यंत स्वतःलाच ढकलत नेणार?"

"टायर चांगला आहे तिचा."

मी त्याच्याकडे रोखून पाहिले, त्याने पाहिले नाही. आमच्या घरात ताट ज्याच्यापुढे आधी येते त्याने मोठा तुकडा उचलायचा नसतो. आई नुसती भुवई वर करायची आणि मोठ्या तुकड्याकडे गेलेला हात आपोआप मागे यायचा. हॉल्गर ते कोपनहेगनला जाऊन विसरला, मी लग्नानंतर निम्मे विसरले. रेग्नार त्या भुवईसमोर पन्नास वर्षे जेवला होता. त्याला वाटले असणार, आपण लहान वस्तू घेऊ, फेरी पूर्ण होऊ दे, टेबल आहे तिथे राहील.

पण पुढची पाळी हॉल्गरची होती. हॉल्गरने बायकोकडे पाहिले. ती फक्त टेबलाकडे बघत होती.

"टेबल," हॉल्गर म्हणाला.

मग रेग्नार म्हणाला, "छान. छान झालं. तुमच्याकडे शोभेल."

आणि त्याने आपला कप बशीसकट उचलला. जिथे कप होता तिथे बाहीने पुसले. मग केकचा तुकडा दुसऱ्या तळहातावर घेऊन उठला आणि खिडकीशी जाऊन उभ्यानेच खाऊ लागला. परक्याच्या टेबलावर आपला कप नको, एवढेच. चेहऱ्यावर काही नव्हते. हवामानाचे बोलू लागला.

माझी पाळी आली. मला बोलायचे होते, की हॉल्गर, टेबल त्याला दे. पण मी बोलले असते तर रेग्नारनेच आधी नाही म्हटले असते, आणि एकदा नाही म्हटल्यावर तो आयुष्यभर नाहीच म्हणत राहिला असता. रागारागात मी म्हणाले, "खुर्च्या. सगळ्या."

"टेबलाशिवाय?" हॉल्गर म्हणाला. "तुझ्याकडे खुर्च्या नाहीत?"

"पाहुणे येतात माझ्याकडे."

"कोण येतं तुझ्याकडे?"

"तू येत नाहीस म्हणून कुणीच येत नाही असं नाही."

हे सगळे चालले असताना विबेके रेग्नारकडे बघत होती. तो तिच्या अगदी शेजारी उभा होता. बशी एका हातात, केक दुसऱ्या हातात, आणि कॉफी प्यायची कशी हे कळत नव्हते, म्हणून पीत नव्हता.

"मी पहिल्यांदा या घरी आले ना," विबेके एकदम म्हणाली, "तेव्हा हिवाळा होता. आमच्याकडे आईचा सगळा दिवाणखाना असा की पाहुण्याला वाटावं, आपण कुणाच्या तरी मयताला आलोय. इथे हा दिवा टेबलावर इतका खाली सोडलेला. बाकी खोली अंधारात, आणि तुम्हा सगळ्यांची तोंडं उजेडात. तुमच्या आईने मला विचारलं, कॉफी घट्ट हवी की पातळ. मी हॉल्गरशी लग्न करायचं तेव्हाच ठरवलं."

"कॉफीसाठी?" हॉल्गरने विचारले.

"टेबलासाठी. तू त्याच्यासोबत आलास."

रेग्नार हसला. विबेके उठली, पर्समधून मोजपट्टी काढली. लांबी मोजली, रुंदी मोजली. मग गुडघ्यावर बसून टेबलाखाली वाकली आणि तिथे जरा वेळ राहिली. वर आली तेव्हा केस विस्कटले होते.

"बसणार नाही," ती म्हणाली.

"काय बसणार नाही?"

"आपल्या जिन्यात. पहिल्या वळणावरच अडकेल."

"अगं, पण त्याचे पाय..." हॉल्गर म्हणाला.

विबेकेने मोजपट्टीचे बटण दाबले. पट्टी खर्रकन आत गेली. "हॉल्गर, मी मोजलंय."

त्या टेबलाचे पाय निघतात. प्रत्येक पाय जाड पितळी पेचावर बसवलेला आहे, बाबांना त्या पेचांचा फार अभिमान होता. दर काही वर्षांनी भिंती रंगवायच्या वेळी ते पाय काढायचे, मग नुसती फळी आडवी धरून कुठूनही न्यावी. आम्ही लहानपणी त्या पायांचे घोडे करून बागेत पळायचो. त्या खोलीत हे माहीत नसलेले कुणी नव्हते. आणि टेबलाखाली वाकल्यावर विबेकेच्या नाकासमोरच ते पेच असणार.

"जिनाच अरुंद असेल तर कोण काय करणार?" मी म्हणाले.

हॉल्गरने माझ्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. मग दोन्ही हात अडकलेल्या आपल्या भावाकडे. हॉल्गरला गोष्टी उशिरा कळतात, पण कळतात.

"वळण वाईटच आहे ते," तो सावकाश म्हणाला. "सोफा नेला तेव्हा कठडा काढावा लागला होता."

आता राहिला रेग्नार. पेचांना तेल घालायचे काम बाबांच्या मागे त्याच्याकडे होते. त्याच्याइतके त्या टेबलाला कुणी ओळखत नव्हते, आणि तो खोटे बोलणारा माणूस नाही. तो म्हणाला असता, पाय निघतात, मी आत्ता काढून देतो, आणि अवजारांची पेटी आणायला गेलाही असता. मी बशीकडे बघत बसले.

बशी आणि केक खिडकीत ठेवून तो टेबलापाशी आला. वाकला. एका पायाच्या जोडावर, नेमका पेच जिथे असतो तिथे, त्याने हात ठेवला आणि तसाच राहिला. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

"कोपनहेगनचे जुने जिने," रेग्नार म्हणाला, "तसेच असतात."

"तू ठेवशील का?" विबेकेने विचारले. "आम्ही घर बदलेपर्यंत."

"मला अडगळच होईल."

"होईल. पण करणार काय?"

"कधी बदलणार घर?"

"बघू. हॉल्गरला जिना चढवेनासा झाला की."

"म्हणजे लवकरच," मी म्हणाले, आणि हॉल्गर म्हणाला, "हो, झालं, आता माझ्या गुडघ्यांवर या."

मग वाटणी पुढे सुरू झाली. दिवा मी घेतला, आणि माझ्या घराचे छत उतरते आहे या नावाखाली तोही रेग्नारकडे ठेवला. खुर्च्याही त्याच्याकडेच ठेवल्या, पण त्यांचे कारण सांगायला मला काही सुचले नाही. त्याने विचारलेही नाही.

सामान हलवायच्या दिवशी आम्ही पुन्हा चौघे होतो. बंदराजवळच्या त्या इमारतीचे दार नवे, रुंद होते, पण आतला बोळ काटकोनात वळलेला. टेबल बोळात शिरले आणि अडकले. हॉल्गर एका बाजूला, रेग्नार दुसऱ्या बाजूला, ना पुढे ना मागे. थोडा वेळ दोघे टेबल धरून उभे राहिले. मग रेग्नारने त्याची बाजू खाली टेकवली, खिशातून पाना काढला आणि पहिला पाय सोडवू लागला.

पितळी पेच एकेक निघत होते, आणि तो न बघता हात मागे करत होता. विबेके ते घेऊन रुमालात ठेवत होती.

"वळण इथलंही वाईटच आहे," हॉल्गर म्हणाला.

"फळी नीट धर," रेग्नार म्हणाला. "कड भिंतीला लागेल."