निळ्या फुलाचा नमुना

ताईचं खुब्याचं हाड मोडलं आणि बंद खाणीमागच्या उतारावर जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीस वर्षं ती औषधांच्या दुकानात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी त्या उतारावरची रानफुलं वहीत टिपून ठेवायची. मी टेलर. मला फुलं ठाऊक ती छापील कापडावरची.

पहिल्या खेपेला येऊन मी सांगितलं, "पिवळं होतं, नाजूक."

"पिवळं! डोळे खिशात ठेवून गेला होतास का?" ताई कडाडली. "पानं समोरासमोर होती की एकाआड एक? देठावर लव होती? बुडाशी काय होतं? नुसत्या रंगावरून फूल ओळखतात होय रे?"

साठीच्या माणसाशी असं बोलतात का? पण ताईपुढे माझं कायम मांजर होतं.

महिनाभरात मी वीसेक फुलं ओळखायला लागलो. मग एके दिवशी तिने वहीतलं एक पान उघडून दिलं. नखाएवढं निळं फूल, पाच पाकळ्या, देठाच्या एकाच बाजूला लव. नऊ वर्षांत तिला ते दिसलं नव्हतं.

"अजून आहे एवढं कळलं ना, की मी सुटले," ती म्हणाली. असलं बोलणं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते सापडलं. खडकाच्या फटीत, एकटंच. गुडघे टेकून मी पाकळ्या मोजल्या, पानं बघितली, तरी खात्री होईना. आमच्या धंद्यात रंग जुळवायचा तर कापडाचा तुकडा कापून दोऱ्याच्या दुकानात न्यायचा. तोंडी वर्णनावर कुणी भरवसा ठेवत नाही. शिवाय ताईचे प्रश्न आठवले. काही राहून जायला नको म्हणून मी ते मुळासकट ओढून काढलं आणि ओल्या रुमालात गुंडाळलं. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

ताईने रुमाल उलगडला, भिंगातून देठ पाहिला.

"तेच आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मलाच रडू आलं. मग तिचं लक्ष मुळाकडे गेलं.

"अजून किती होती?"

"एकच."

"नीट बघितलंस?"

"चार दिवस सगळा उतार पालथा घातला, ताई."

हे झाड हंगाम संपला की मरतं आणि बी पडलं तरच पुढल्या वर्षी उगवतं, हे वहीत तिनेच लिहिलेलं होतं. या फुलाने अजून बी धरलं नव्हतं.

"परत लावून येऊ?" मी विचारलं.

"मूळ मधेच तुटलंय रे. जगायचं नाही."

बोलणी खायला मी मान खाली घालून उभा राहिलो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"खुर्ची ओढ," ती हळूच म्हणाली. "बस इथे. कोमेजायच्या आत नीट बघून घे. आता कुणालाच दिसायचं नाही."